शिरपूर पॅटर्न

शिरपूर पॅटर्न ही उत्तर महाराष्ट्रातील धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात २००४ सालापासून राबवण्यात आलेली भूजल पुनर्भरणाची पद्धत होय. निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी ती विकसित केली. शिरपूरचे तत्कालीन आमदार अमरीशभाई पटेल यांनी तिला पाठबळ दिले. या कामांमुळे तालुक्यातील अनेक गावांची टंचाई ओसरली. मात्र हीच पद्धत राज्यभर वापरावी का, हा पुढे वादाचा विषय ठरला.

पार्श्वभूमी

हा तालुका सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्या दरम्यान वसलेला आहे. येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि नाल्यांचे पाणी लवकर वाहून जाते. विहिरी आटू लागल्या तशा कूपनलिका अधिकाधिक खोल गेल्या. उपसा वाढला, पुनर्भरण मात्र झाले नाही.

भूरचना व कार्यपद्धती

तालुक्याच्या काही भागात बेसॉल्ट खडक, तर तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आढळतात. गाळातील वाळूचे थर पाणी साठवू शकतात. परंतु त्यांवरील चिकण पिवळी माती पाणी खाली झिरपू देत नाही. म्हणजे पाऊस पडूनही खालची वाळू कोरडीच राहते. यावर उपाय म्हणून नाल्यांची पात्रे रुंद व खोल करून ही माती काढण्यात आली आणि पात्रांत सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभारण्यात आली. काही ठिकाणी धरणाचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडण्यात आले. भूजलपातळी वर आल्याने एका पिकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांना दुसरे पीक घेणे शक्य झाले.

विस्तार व टीका

२०१२-१३ च्या दुष्काळात या प्रयोगाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. येथेच मुख्य आक्षेप उद्भवतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे. तापीकाठासारखा जाड गाळ मोजक्याच ठिकाणी सापडतो. बेसॉल्टमधील उथळ जलधर नाला खोदताना कापला गेल्यास आसपासच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरते आणि उन्हाने त्याची वाफ होते. नाल्यात पाणी दिसते, ते विहिरींचेच असते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या कामांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.