कामाचे माप कोणते? गुण, तास की दिवस

प्रतिनिधी
औरंगपुरा (छत्रपती संभाजीनगर) : वाळूचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि गिलाव्याचा एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. शब्द एक, मापे दोन. तरीही औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेत बांधकामाचे बिल सादर करणाऱ्याचा सहसा घोटाळा होत नाही. कोणत्या कामाला कोणते माप लावायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या छोट्या कंपन्यांमध्ये मात्र नेमके हेच ठरवायचे राहून जाते. मग ग्राहकाला दिलेली तारीख हुकते आणि तिची भरपाई अभियंत्यांना रात्री जागून करावी लागते.

मोठे काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत विभागून पूर्ण करण्याच्या पद्धतीला ‘अजाइल’ म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी या पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. अशा कामांची नोंद ठेवण्यासाठी जिरा, अझूर डेव्हऑप्स यांसारखी सॉफ्टवेअर वापरली जातात. प्रत्येक कामाची नोंद करताना ते किती मोठे आहे, याचा अंदाज लिहावा लागतो. हा अंदाज कोणत्या एककात लिहायचा, हे वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येते. अनेकांना ही सोय ठाऊक नसते. सॉफ्टवेअर ज्या अवस्थेत हाती आले, त्याच अवस्थेत ते वापरले जाते.

तास आणि गुण

मुख्य एकके दोन. पहिले वेळेचे, म्हणजे तास किंवा दिवस. दुसरे ‘स्टोरी पॉइंट’, म्हणजे गुण. गुण वेळ सांगत नाहीत. एक काम दुसऱ्याच्या तुलनेत किती अवघड आहे, एवढेच सांगतात. त्यासाठी बहुधा १, २, ३, ५, ८, १३ अशी चढती श्रेणी वापरतात. काम जितके मोठे तितका अंदाज ढोबळ, म्हणून आकड्यांमधील अंतरही वाढत जाते. गटातील प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर लिहून एकाच वेळी उघड करायचा, ही ‘प्लॅनिंग पोकर’ची पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. ज्येष्ठाचा आकडा ऐकून कनिष्ठाने आपला बदलू नये, हा तिचा मोठा फायदा.

गुणांवरून तारीख काढण्याचे गणित सोपे आहे. समजा, एका गटाने मागील तीन टप्प्यांत २०, २६ आणि २३ गुणांचे काम पूर्ण केले. सरासरी २३ झाली. ११५ गुणांचे काम शिल्लक असेल, तर पाच टप्पे, म्हणजे दहा आठवडे लागतील. गती २० वरच राहिली, तर सहा टप्पे लागतील. ग्राहकाला ‘दहा ते बारा आठवडे’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

आठवडा किती दिवसांचा?

वेळेचे एकक निवडले, तर आणखी एक बाब तपासावी लागते. जिरामध्ये मूळ मांडणीनुसार दिवस आठ तासांचा आणि आठवडा पाच दिवसांचा धरलेला असतो. कार्यालय सहा दिवस चालत असेल, तर दहा दिवसांचे काम पडद्यावर दोन आठवडे दिसते; प्रत्यक्षात ते एक आठवडा आणि चार दिवसांचे असते.

बैठका, दूरध्वनी आणि जुन्या ग्राहकांच्या तक्रारी वजा जाता दिवसाचे सहा तासच हाती उरत असतील, तर फरक उलट्या दिशेने पडतो. तीस तासांचे काम आठ तासांच्या हिशेबाने पावणेचार दिवसांचे भासते. सहा तासांच्या हिशेबाने त्याला पूर्ण पाच दिवस लागतात. हा सव्वा दिवसाचा फरक कोणाच्या तरी रविवारमधून वसूल होतो.

हे दोन्ही आकडे व्यवस्थापकाला बदलता येतात. मात्र ते प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच बदलावेत. मूळ नोंद काळाच्या स्वरूपात तशीच राहते, फक्त तिचे दर्शनी रूप बदलते. काल ‘एक दिवस’ दिसणारे आठ तासांचे काम आज ‘एक दिवस दोन तास’ दिसू लागते आणि गटाचा गोंधळ उडतो.

गुणांची सोयही सॉफ्टवेअरनुसार वेगळी असते. जिराच्या फलकावर गुण, वेळ किंवा केवळ कामांची संख्या यांपैकी एक एकक निवडता येते. कंपनीला स्वतःचा रकाना तयार करून तोही वापरता येतो. मात्र तो रकाना अंकांचा असावा. ‘लहान, मध्यम, मोठे’ अशा शब्दांची बेरीज होत नाही. अझूर डेव्हऑप्समध्ये याच रकान्याला निवडलेल्या पद्धतीनुसार ‘स्टोरी पॉइंट्स’, ‘एफर्ट’ किंवा ‘साइझ’ अशी वेगवेगळी नावे आहेत.

माप कोणाच्या हाती?

मापाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९७२च्या दुष्काळातून वाढलेल्या आणि १९७७च्या कायद्याने हक्क ठरलेल्या रोजगार हमी योजनेत मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरत असे. मऊ माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. माती किती लांब वाहिली आणि किती उंच चढवली, याचाही हिशेब वेगळा. दिवसभर सारखेच राबले, तरी खडक फोडणाऱ्याचा खड्डा लहानच राहणार, हे त्या दरपत्रकाला मान्य होते. पण मुरमाची नोंद मऊ माती म्हणून झाली, तर मजुराची मजुरी बुडत असे. गुणांचे तत्त्व आणि त्यातील धोका, दोन्ही याच जातीचे आहेत.

म्हणून अंदाज कोणी द्यायचा, हा प्रश्न एककाइतकाच महत्त्वाचा. अजाइलमधील ‘स्क्रम’ या पद्धतीच्या २०२०च्या मार्गदर्शिकेत गुणांचा उल्लेखही नाही. मात्र कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यांचीच, असे तिने स्पष्ट केले आहे.

याचा विसर पडला की गुणांचे उद्दिष्ट बनते. ‘त्या गटाने चाळीस गुण केले, तुम्ही पंचवीसच का?’ असे विचारले जाऊ लागते. दोन गटांचे गुण ही दोन वेगळी मापे असल्याने ही तुलनाच चुकीची आहे. दबाव वाढला की कालचे तीन गुणांचे काम आज पाचाचे लिहिले जाते. आकडे फुगतात, काम तेवढेच राहते. गुणांच्या जनकांपैकी एक मानले जाणारे रॉन जेफ्रीज यांनीही या गैरवापराबद्दल पुढे जाहीर खेद व्यक्त केला.

नव्या प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : एकक कोणते, दिवस किती तासांचा आणि आकडा कोण देणार. ग्राहकाला तासांवर बिल द्यायचे असेल, तर तासांचा रकाना वेगळा ठेवावा. गुणांना ठरावीक भावाने तासांत बदलू नये. त्यानंतर किमान तीन टप्पे मापात बदल करू नये. तेवढी नोंद हाती आली, की ग्राहकाला तारीख देताना अनुभवाचा आधार मिळतो.