मत्स्यपेटीची डागडुजी : चिकटविणें आणि सांधणें

आमच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, घरें लहान आणि माणसें पुष्कळ. ज्या बिऱ्हाडांत मांजर पाळावयासही जागा नाहीं, तेथेंही कपाटावर किंवा खिडकीशेजारीं माशांची एखादी पेटी मात्र हटकून आढळते. कुर्ल्याच्या बाजारांतून किंवा क्रॉफर्ड मार्केटांतून पिशवीभर पाण्यासह आणलेले चार गप्पी अथवा दोन सोनेरी मासे तींत फिरत असतात. मासे आणण्याचा उत्साह सर्वांस असतो. परंतु झाकण तडकलें, गाळणीच्या डब्यास चीर गेली किंवा पिल्लांच्या पेटीची भिंत सुटली, म्हणजे काय करावें हें थोड्यांसच ठाऊक असतें. टेबलाच्या खणांत जो चिकटा हातीं लागेल तो फासण्यांत येतो आणि चार दिवसांनीं तोच सांधा पुन्हां सुटतो. कित्येकदां सांधा टिकतो, पण मासे मरतात. या दोन्ही गोष्टी टाळतां येण्याजोग्या आहेत. त्या कशा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पदार्थांची ओळख करून घेऊं. ॲक्रिलिक दिसावयास कांचेसारखें असलें तरी तें कांच नव्हे. तें एक प्लास्टिक होय. पॉलिमिथाइल मिथॅक्रिलेट असें त्याचें रासायनिक नांव असून, १९३० नंतरच्या दशकांत तें इंग्लंडांत 'पर्स्पेक्स' व जर्मनींत 'प्लेक्सिग्लास' या नांवांनीं बाजारांत आलें. त्याचें वजन कांचेच्या निम्म्याहून कमी. त्यांतून शेंकडा ९२ भाग प्रकाश आरपार जातो. आणि तापवून मऊ केल्यास तें हवें तसें वळवितां येतें. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. नूतनीकरणानंतर २०१५ सालीं तें पुन्हां खुलें झालें, तेव्हां तेथें बारा फूट लांबीचा ॲक्रिलिकचा कमानदार बोगदा करण्यांत आला होता व प्रेक्षकांच्या डोक्यावरून मासे पोहत जात. तशी कमान कांचेची करणें किती अवघड झालें असतें, याची कल्पना सहज करतां येईल. या गुणांबरोबर ॲक्रिलिकास दोषही आहेत. त्यावर ओरखडे लवकर उठतात; स्पिरिटानें पुसल्यास त्यावर बारीक चिरांचें जाळें पडतें; आणि तें थोडें थोडें पाणी शोषून फुगतें. पेटीवरील ॲक्रिलिकचें झाकण कांहीं दिवसांनीं वांकतें याचें कारण हेंच कीं, त्याची खालची बाजू ओली व वरची कोरडी राहते. झाकण अधूनमधून उलटें करून ठेविलें, तर तें पुन्हां सरळ होऊं लागतें.

आतां चिकट्यांकडे वळूं. ज्याच्या नांवाशीं प्रत्येक मराठी मुलाची ओळख आहे तें 'फेविकॉल' तयार करणारी पिडिलाइट ही कंपनी बळवंतराय पारेख यांनीं १९५९ सालीं स्थापन केली, व तिची कचेरी आमच्या अंधेरीसच आहे. परंतु वहीच्या पुठ्ठ्यास व लाकडास लावावयाचा साधा पांढरा चिकटा सतत पाण्याखालीं राहणाऱ्या वस्तूंसाठीं केलेलाच नाहीं. पाण्यांत तो मऊ पडून सुटतो. मत्स्यपेटीच्या कामीं तीन निराळे पदार्थ येतात व त्या तिघांचे धर्म भिन्न आहेत.

पहिला सिलिकोन. घरगुती पेट्या बहुधा कांचेच्या असतात व त्यांच्या भिंती सिलिकोननेंच जोडलेल्या असतात. तो सुकतांना शिरक्यासारखा वास येतो, सुकल्यावर रबरासारखा लवचीक राहतो आणि कांचेस घट्ट धरतो. ॲक्रिलिकवर मात्र त्याची पकड कच्ची असते. कांहीं दिवसांनीं तो सालीसारखा निघून येतो. न्हाणीघरासाठीं विकला जाणारा सिलिकोन कधींही वापरूं नये. त्यांत बुरशी मारण्याचें औषध घातलेलें असतें व तें माशांसही मारतें.

दुसरा पदार्थ सायनोॲक्रिलेट, म्हणजे क्षणांत चिकटणारा पातळ द्रव. अमेरिकेंत १९४२ सालीं बंदुकीच्या नेमीसाठीं पारदर्शक प्लास्टिक शोधीत असतां हॅरी कूव्हर यांच्या हातीं हा आला. ज्याला त्याला चिकटतो म्हणून तेव्हां तो टाकून देण्यांत आला, आणि १९५८ सालीं त्याच गुणासाठीं तो विकावयास निघाला. तो हवेंतील व वस्तूवरील ओलाव्यामुळें घट्ट होतो, म्हणून ओल्या दगडावर पाणवनस्पतीचें मूळ बसविण्यास तो उत्तम. परंतु त्याचा सांधा ठिसूळ असतो. ज्या जागीं पाण्याचा भार किंवा पंपाचा थरकांप सोसावयाचा, तेथें त्यावर विसंबूं नये. बोटें एकमेकांस चिकटल्यास तीं ओढून सोडवूं नयेत. कोमट साबणाच्या पाण्यांत धरून हळूहळू सोडवावीं.

तिसरा पदार्थ हा खरें पाहतां चिकटाच नव्हे. तो द्रावक होय. उपनगरांतील नामफलक करणारे कारागीर ॲक्रिलिकचे तुकडे जोडण्यास क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. हा पाण्यासारखा पातळ द्रव दोन तुकड्यांच्या फटींत गेला म्हणजे दोन्हींचे पृष्ठभाग विरघळून मऊ होतात, एकाचे रेणु दुसऱ्यांत शिरतात, आणि द्रव उडून गेल्यावर दोहोंचा एकच तुकडा होतो. गुळाचे दोन खडे ओलसर करून दाबून ठेविले असतां त्यांचा एकच खडा होतो, तसाच हा प्रकार आहे. चिकट्यानें दोन वस्तूंमध्यें तिसरी वस्तु येते. येथें तिसरें कांहींच उरत नाहीं. चिकटविणें आणि सांधणें यांतील भेद तो हाच.

हा भेद ध्यानीं आला म्हणजे पुष्कळ फसगत टळते. जो पदार्थ त्या द्रवांत विरघळत नाहीं, तो त्या द्रवानें सांधला जाणार नाहीं, हें उघड आहे. कांचेवर क्लोरोफॉर्मचा उपयोग शून्य. प्लास्टिकच्या डब्यांच्या बुडाशीं त्रिकोणांत एक आंकडा असतो, तो पाहावा : २ किंवा ५ असल्यास तें पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, व तें या रीतीनें जोडलें जात नाहीं, ३ असल्यास तें पीव्हीसी, व त्यास नळांच्या कामाचा निराळा द्राव लागतो. ॲक्रिलिक ७ या आंकड्याच्या संकीर्ण वर्गांत मोडतें. मात्र त्या वर्गांत इतरही प्लास्टिकें येतात, म्हणून आडबाजूस एक थेंब टाकून पृष्ठभाग मऊ होतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आतां कृति. पिल्लांसाठीं लहान पेटी करावयाची असल्यास नामफलकवाल्याकडे उरलेले तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे स्वस्तांत मिळतात. कड करवतीनें कापलेली असल्यास ती कानशीनें व बारीक पॉलिश कागदानें सपाट करावी. लेझर यंत्रानें कापलेली कड चकचकीत दिसते, पण तिच्यांत ताण राहिलेला असतो व द्रावक लागतांच तिच्यावर बारीक चिरा पडतात. म्हणून तीही थोडी घांसून घ्यावी. मग द्रव न लावतांच तुकडे जागच्या जागीं उभे करून उजेडासमोर धरावे. सांध्यांतून उजेडाची रेघ दिसली तर कड पुन्हां घांसावी, कारण पातळ द्रावक फट भरीत नाहीं. सगळें नीट बसल्यावर चिकटपट्टीनें तुकडे धरून ठेवावे आणि बारीक सुईच्या पिचकारीनें सांध्याच्या कडेला द्रवाची धार सोडावी. दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच केशाकर्षणानें तो सबंध सांध्यांत आपोआप पसरतो. सांधा पूर्ण भरला म्हणजे कांचेसारखा स्वच्छ दिसतो. जेथें पांढुरका ठिपका किंवा बुडबुडा, तेथें जोड झालेला नाहीं.

चीर गेलेल्या डब्याची रीत थोडी निराळी. चिरेच्या टोंकाशीं बारीक गोल छिद्र पाडावें, म्हणजे ती पुढें सरकत नाहीं. नंतर चिरेहून सर्व बाजूंनीं दोन सेंटिमीटर मोठा असा ॲक्रिलिकचा तुकडा आंतल्या बाजूनें बसवून सांधावा. नुसत्या चिरेंत द्रव सोडणें म्हणजे फाटलेल्या सदऱ्यास टांका न घालतां इस्त्री करणें होय.

मुंबईच्या हवेचाही येथें विचार केला पाहिजे. द्रावक झपाट्यानें उडतांना सांधा थंड होतो, आणि आषाढ-श्रावणांतील दमट हवेंत त्यावर दंव धरून सांधा दुधासारखा पांढरा पडतो. असा सांधा दुबळा असतो. म्हणून पावसाळ्यांत हें काम उघाडीच्या कोरड्या दुपारीं करावें. शक्य असल्यास दिवाळीनंतरच करावें. सांधल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें तुकड्यांस धक्का लागूं देऊं नये, आणि दोन दिवस पेटींत पाणी भरूं नये. मग ती धुवून, पाणी भरून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर एक अहोरात्र ठेवावी. कागद कोरडा राहिला तरच ती माशांच्या उपयोगाची.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. क्लोरोफॉर्म म्हणजे पूर्वीं शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास बेशुद्ध करण्यासाठीं वापरीत तोच द्रव. तो यकृतास अपायकारक आहे. डायक्लोरोमिथेन श्वासावाटे शरीरांत गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. दोहोंची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती जमिनीलगत साचते, आणि जमिनीवर खेळणारें धाकटें भावंड तिच्या तडाख्यांत प्रथम सांपडतें. तोंडावर बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाहीं. म्हणून हें काम वडील माणसानेंच करावें, मुलांनीं मापें घ्यावीं, कडा घांसाव्या व लांबून पाहावें. जागा गच्चीची किंवा मोकळ्या वाऱ्याची असावी. जवळ शेगडी, उदबत्ती अगर निरांजन पेटलेलें नसावें, कारण ज्योतीच्या संगतीनें या वाफेचा आणखी घातक वायु होतो. बाटली तपकिरी रंगाची, नांवाची चिठ्ठी लावलेली व कुलुपांत ठेवलेली असावी. माशांच्या पेटीच्या खोलींत तर हें काम मुळींच करूं नये. हवेचा पंप खोलींतलीच हवा ओढून पाण्यांत सोडतो. खोलींत वाफ असेल तर ती बुडबुड्यांबरोबर पाण्यांत जाते, आणि मुका जीव तक्रार करीत नाहीं.

कोणती वस्तु दुरुस्त करूं नये, हेंही जाणलें पाहिजे. पाणी तापविण्याच्या विजेच्या नळीस चीर गेली तर ती फेंकून द्यावी. तेथें कोणताही सांधा चालत नाहीं. मोठ्या पेटीची भिंत किंवा तळ तडकल्यास ठिगळ लावण्याच्या भरीस पडूं नये. यामागें साधें गणित आहे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच पेटींत ५४ लिटर पाणी मावतें. तिच्या लांब भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा सुमारें २७ किलो असतो. लांबी तीच ठेवून पाण्याची उंची साठ सेंटिमीटर केली, तर तो ५४ न होतां १०८ किलो होतो. उंची दुप्पट, रेटा चौपट. म्हणून वीतभर उंचीच्या पेटीवर हात बसलेल्यानें लागलीच दोन फुटांची पेटी करावयास घेऊं नये.

मोठमोठ्या मत्स्यालयांतही सांध्याचाच प्रश्न असतो. जपानांतील ओकिनावा येथील मत्स्यालयांत २००२ सालीं बसविलेली ॲक्रिलिकची भिंत साडेबावीस मीटर लांब, ८.२ मीटर उंच व साठ सेंटिमीटर जाड आहे; ती अनेक तक्ते एकमेकांस जोडून केलेली आहे. उलट बर्लिन शहरांतील एका हॉटेलांत ॲक्रिलिकचें प्रचंड नळकांड्यासारखें मत्स्यपात्र होतें. १६ डिसेंबर २०२२ रोजीं पहाटे तें एकाएकीं फुटलें. सुमारें दहा लक्ष लिटर पाणी बाहेर लोटलें, सुमारें पंधराशें माशांपैकीं बहुतेक मेले व दोन माणसें जखमी झालीं. पुढें तज्ज्ञांनीं तुकडे तपासले, तरी कारण निश्चित ठरलें नाहीं. एखादा सांधा सुटला असावा, दुरुस्तीच्या वेळीं बुडाशीं खांच पडली असावी, किंवा पात्र फार काळ रिकामें राहून ॲक्रिलिक वाळलें असावें, अशा तीन शक्यता त्यांनीं सांगितल्या. तिन्ही गोष्टी आपल्या वीतभर पेटीसही लागू आहेत : सांधा नीट पाहणें, खांच पडूं न देणें, आणि पेटी पुष्कळ दिवस कोरडी ठेविली असल्यास पुन्हां माशांकरितां भरण्यापूर्वीं तिची परीक्षा घेणें.

विद्यार्थिमित्रांनो, बाजारांत नवी पेटी सहज मिळते, मग एवढी खटपट कशास, असें कोणी म्हणेल. परंतु तडकलेलें झाकण टाकून नवें आणणारास पैशांचा हिशेब तेवढा कळतो. जो तें सांधतो त्यास पदार्थांचे धर्म, पाण्याचा रेटा आणि हवेचा ओलावा हीं तिन्ही कळतात. रसायनशास्त्राच्या व पदार्थविज्ञानाच्या तासांना फळ्यावर जें शिकावयास मिळतें, तेंच येथें हातांत येतें. शिवाय पेटींतील जिवांस आपण घरीं आणलें आहे, तीं आपणहून आलेलीं नाहींत. त्यांच्या घराची भिंत भक्कम व पाणी निर्मळ ठेवणें हें आपलें काम आहे, आणि तें घाईनें होण्यासारखें नाहीं. सांधा जुळेपर्यंत कड घांसणें व सुकेपर्यंत दोन दिवस वाट पाहणें, एवढें ज्यास साधलें त्याच्या पेटींतून पाणी सहसा गळणार नाहीं.