रायपूरचा पाइप

नळाच्या सामानाच्या दुकानात ‘अर्धा इंच’ म्हणून मिळणारा लोखंडी पाइप कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो आणि मध्यम जाडीचा असेल तर आतली पोकळी साधारण १६. बाहेरच्या व्यासाला हात लावता येत नाही, कारण आटे त्याच्यावर पडतात आणि बाजारातले सगळे सॉकेट, एल्बो, टी त्या आट्यांना जुळवलेले असतात. त्यामुळे जे काही कमीजास्त व्हायचं ते भिंतीच्या जाडीत होतं. आयएस १२३९ हे भारतीय मानक या मापाच्या पाइपला तीन जाड्या देतं: हलका २.० मिलिमीटर, मध्यम २.६, भारी ३.२. ओळख पटावी म्हणून पाइपवर रंगाचे पट्टे मारतात, हलक्याला पिवळा, मध्यमला निळा, भारीला लाल. हा पाइप आटे पाडून सॉकेटात बसला आणि भिंतीत गाडला गेला की रंगही गेला आणि जाडीही. पाइपच्या धंद्यातलं बरंचसं खरंखोटं या न दिसणाऱ्या जाडीत असतं; उरलेलं, पाइपच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या एका जोडात.

नागपूरकडच्या मराठी माणसाला रायपूर ठाऊक असतं ते हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन म्हणून, भोसल्यांच्या राज्याचा भाग म्हणून, फार तर तात्यापारा हा मोहल्ला आणि शहरातलं महाराष्ट्र मंडळ म्हणून. पण शहरातून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी, उरला, सिलतरा असा पट्टा सुरू होतो आणि लोखंडाशिवाय दुसरं काही दिसेनासं होतं. ट्रेलरवर पोलादाच्या चौकोनी कांबी, म्हणजे बिलेट, ट्रकवर सळई, आणि लांबलचक गठ्ठ्यांत बांधलेले गोल-चौकोनी पाइप. गावातल्या गच्च्यांवर रोज बसणाऱ्या काळ्या भुकटीबद्दल तिथले लोक वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. पाइपच्या स्वस्ताईचा हिशेब मांडताना ती भुकटीही धरायला हवी, असं मला वाटतं.

शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आहे म्हणून रायपूरला पाइप आला, असं कुणालाही वाटेल. ते पूर्ण खरं नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढे तो कारखाना रूळ, सळई, तार आणि जाड प्लेट यांसाठी नावाजला. वेल्डचा पाइप मात्र कॉइलपासून होतो, म्हणजे तापवून लाटलेल्या आणि गुंडाळून ठेवलेल्या पोलादी पट्टीपासून. ती भिलाईत निघत नाही. एकात्मिक कारखान्यांची कॉइल ओडिशातल्या राउरकेल्याची, झारखंडातल्या बोकारोची. आता बस्तरमध्ये जगदलपूरजवळ नगरनारला एनएमडीसीचा तीस लाख टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला आहे. तिथली पहिली कॉइल ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली.

रायपूरची स्वतःची वाट वेगळी आहे आणि ती स्पंज आयर्नवरून जाते. लोहखनिज छत्तीसगडातलंच, कोरब्याकडे दगडी कोळसा आणि वीज. फिरत्या भट्टीत कोळशाबरोबर भाजून खनिजातला ऑक्सिजन काढून टाकायचा, हाती येणारे सच्छिद्र गोळे भंगारासोबत इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याची बिलेट ओतायची आणि रोलिंग मिलमध्ये लाटून अरुंद पट्टी काढायची. या पट्टीला बाजारात पत्रा म्हणतात आणि छोट्या पाइप मिल तोच वापरतात. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन कुळांचे पाइप बनतात, कॉइलचे आणि पत्र्याचे. पत्र्याचा पाइप वाईटच, असं म्हणणारे बहुधा कॉइलवाले असतात. पण इंडक्शन भट्टीत गंधक आणि फॉस्फरस काढून टाकण्याची सोय फारशी नसते; जे आत गेलं ते बरंचसं आतच राहतं. त्यामुळे भंगार निवडणाऱ्याची नजर आणि प्रयोगशाळेतला नमुना यांवर सगळं येऊन ठेपतं. वेल्डच्या पाइपसाठीच्या गरम लाटलेल्या पट्टीला आयएस १०७४८ हे वेगळं मानक आहे, ते याचसाठी.

मिलमधलं काम बघण्यासारखं असतं. रुंद कॉइल आधी पाइपच्या घेराला पुरेल एवढ्या पट्ट्यांत चिरून घेतात. एक पट्टी संपत आली की दुसरीचं टोक तिला जोडायचं, आणि जोडणी होईपर्यंत मिल थांबू नये म्हणून मध्ये पट्टीचा साठा करून ठेवणारं यंत्र असतं. मग पट्टी रोलच्या जोड्यांमधून जाते. प्रत्येक जोडी तिला थोडी थोडी वळवते, आणि शेवटी कागदाची सुरळी व्हावी तशी ती गोल होते, फक्त दोन कडांमध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखी फट उरते. इथे तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. एवढ्या वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पोटात शिरत नाही, पृष्ठभागालगत आणि समोरासमोरच्या कडांवर गोळा होतो. त्यामुळे पाइपचं बाकीचं अंग तुलनेनं थंड राहतं आणि कडा तेवढ्या पांढऱ्याफटक तापतात. लगेच पुढचे दोन रोल त्यांना एकमेकींवर दाबतात. वेल्डिंगची सळई नाही, बाहेरचा कणभर धातू नाही. दाबताना थोडं वितळलेलं लोखंड कचऱ्यासकट आतबाहेर उसळतं; बाहेरची उसळी तिथल्या तिथे पाती तासून काढते आणि तिची निळसर सळसळती फीत बाजूला पडत राहते. आतली उसळी स्वस्त मालात तशीच राहते. पाइपच्या तोंडात बोट घालून फिरवलं की ती लागते.

यालाच ईआरडब्ल्यू, म्हणजे विजेच्या रोधाने केलेलं वेल्डिंग, म्हणतात. कडा कमी तापल्या तर जोड नुसता चिकटतो, जास्त तापल्या तर जळतो, आणि वरून दोन्ही सारखेच छान दिसतात. पुढे पाण्याचा मारा, मापात आणणारे रोल, चौकोनी हवा असेल तर चारी बाजूंनी दाबणारे रोल, आणि धावत्या पाइपबरोबर स्वतः धावत तो कापणारी करवत.

जोड खरा की खोटा, हे सांगणारी चाचणी अगदी रांगडी आहे. पाइपचा तुकडा घ्यायचा, जोड बाजूला येईल असा आडवा ठेवायचा आणि दाबयंत्राखाली चिरडायचा. आयएस १२३९ प्रमाणे उंची मूळ व्यासाच्या ७५ टक्क्यांवर येईपर्यंत जोड उघडता कामा नये, आणि ६० टक्क्यांपर्यंत अंगाला कुठे चीर जाता कामा नये. शिवाय प्रत्येक पाइप पाण्याच्या ५ मेगापास्कल दाबाखाली निदान तीन सेकंद धरतात. तुकडा मिलमधला कामगारच चिरडतो, तरीही ही चाचणी मला कागदावरच्या कोणत्याही दाखल्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

मानकांची यादी लांब आहे; उपयोगावरून ती लक्षात राहते. पाणी, वाफ, हवा यांच्या आटेवाल्या पाइपला १२३९. शेड, छप्पर, कैच्या यांच्या गोल पाइपला ११६१, चौकोनी-आयताकृती पोकळ सेक्शनला ४९२३. बोअरवेलच्या केसिंगला ४२७०. छत्तीसगडात हवंच असं एक मानक म्हणजे ९२९५. कोळसा आणि खनिज वाहणारे पट्टे ज्या रोलरांवरून धावतात, त्यांच्या पाइपचं ते आहे. घराच्या नळातून जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप प्लॅस्टिकने जवळपास हुसकावला, पण बांधकामात चौकोनी पाइपने अँगल आणि चॅनलची जागा घ्यायला सुरुवात केली आहे. एपीएल अपोलो या पाइप कंपनीने रायपूरला कारखाना टाकला, तो बांधकामाचं हेच गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून.

शहरांच्या पाणीयोजनांचे अजस्र पाइप हे दुसरं जग. ते ३५८९ खाली येतात, २५४० मिलिमीटर व्यासापर्यंत. त्यांत कॉइल तिरपी वळवून स्प्रिंगसारखी गुंडाळत नेतात आणि भुकटीखाली झाकलेल्या विजेच्या ज्योतीने आतून-बाहेरून जोडतात. वळवण्याचा कोन बदलला की त्याच रुंदीच्या कॉइलमधून वेगळ्या व्यासाचा पाइप निघतो, ही त्यातली खुबी. फार जाड भिंत हवी असेल तर प्लेट वाकवून सरळ जोड देतात. गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी छत्तीसगडातूनच जाते. तसल्या कामाला अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचं एपीआय ५एल मानक लागतं, आणि तिथे जोडाची तपासणी ध्वनिलहरींनी होते.

राहिली जाडी. दोन इंची मध्यम पाइपची भिंत ३.६ मिलिमीटर. मीटरला साधारण ५ किलो, सहा मीटरच्या पाइपला ३०. मानक जाडीत १० टक्के तूट चालवून घेतं, म्हणजे ३.२४ पर्यंत; वजनाची मर्यादा त्याहून वेगळी आहे. कसबी मिल या सवलतीच्या तळाशी चालते आणि त्यात बेकायदा काही नाही. पण भिंत ३.२ वर नेली की त्याच पाइपचं वजन २७ किलोवर येतं. डोळ्याला कळत नाही, पाण्याच्या दाबालाही बहुधा कळत नाही. कळतं ते आटे पाडताना, कारण उरलेल्या भिंतीतला मोठा भाग आटेच खातात, आणि मग गंज तिथूनच शिरतो. आयएसआयचा शिक्का या मालाला आज सक्तीचा आहे. शिक्क्याखाली परवान्याचा क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोकडे पडताळता येतो, पण दुकानात उभं राहून तो वाचणारं गिऱ्हाईक विरळा.

खरी गंमत भावाच्या पद्धतीत आहे. पाइप किलोवर विकला तर पातळ भिंतीचा फायदा गिऱ्हाइकाला, कारण तेवढ्याच पैशांत लांबी जास्त मिळते. नगावर किंवा फुटावर विकला तर तोच फायदा विकणाऱ्याला. बडे कंत्राटदार ट्रक काट्यावर घालून, व्हर्नियरने चार टोकं मोजूनच माल उतरवतात. गेट आणि जिना करून घेणारा घरमालक मात्र फॅब्रिकेटरशी फुटावर भाव ठरवतो, ‘सोळा गेजचा लावा’ असं बजावतो आणि रंगाचा हात फिरल्यावर पैसे देतो. हलका माल बहुतेक त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो.