बडोद्यात एक दिवस मोकळा मिळाला तर रिक्षा करू नका!

स्टेशनपासून सयाजीबाग चालत गाठता येते. बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. विश्वामित्रीच्या काठची ही बाग महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये उभारली. आतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. मुलं बरोबर असतील तर तिथून लवकर सुटका नाही!

पुढे कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. मान वर करून सावकाश बघा.

तिथून गावाकडे वळलं की रावपुरा आणि दांडिया बाजार. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, आडनावं मात्र ओळखीची. याच भागात तांबेकर वाडा आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचं हे घर, लाकूडकामाचं आणि मराठा धाटणीचं. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. माझ्या मते राजवाड्याआधी हे बघावं.

सुरसागर तलावाला वळसा घालून लहरीपुरा दरवाजातून मांडवीपर्यंत जा. गर्दी भरपूर, पण शेव-उसळ खायला पोटात जागा ठेवा. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.