स्तुतीची हुंडी

2005 च्या एप्रिलात टिम शेफर यांचा 'सायकोनॉट्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा खेळांची समीक्षा बहुतांशी मासिकांच्या आणि त्यांच्याच धर्तीवर चालणाऱ्या मोजक्या संकेतस्थळांच्या अखत्यारीत होती. आणि सर्कशीतून पळालेल्या, इतरांच्या मनात शिरून तेथील भयगंडांशी झुंजणाऱ्या एका पोराची ही विलक्षण कथा त्या समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने वाखाणली. तथापि वर्षअखेर उत्तर अमेरिकेतील खप लाखाच्या आतच राहिला, प्रकाशक मॅजेस्को कंपनीला नफ्याचे भाकीत फिरवून तोटा जाहीर करावा लागला आणि तिच्या मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. समीक्षकांचा यात दोष नव्हता. स्तुती ही एक हुंडी आहे आणि ती वटवणारी पेढी त्या काळी म्हणजे दुकानाची फळी. नवा माल आला की तेथून न खपलेली पेटी खाली उतरे आणि तिच्यासोबत ती स्तुतीही मुदतबाह्य होई. 2011 मध्ये हक्क शेफर यांच्या कंपनीकडे आले, आंतरजालावरील दुकानांत ती मुदतच उरली नव्हती, आणि पुढील चार-पाच वर्षांत त्याच खेळाच्या बारा लाखांवर प्रती विकल्या गेल्या.

याहून बोलका दाखला 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'चा. टार्न आणि झॅक या ॲडम्स बंधूंनी 2006 मध्ये विनामूल्य खुला केलेला हा खेळ दिसायला अक्षरे, विरामचिन्हे आणि रंगीत ठिपके यांचा गालिचा. पण त्या गालिच्याखाली भूस्तर, ऋतू, वंशावळी आणि मद्यपी बुटक्यांचे मनोव्यापार अहोरात्र चालू असत. एकदा गुत्त्यातील मांजरे पटापट मरू लागली. शोध घेता आढळले की सांडलेले मद्य त्यांच्या पायांना लागते, पाय चाटताना ते पोटात जाते आणि मात्रेच्या गणितातील चुकीमुळे प्रत्येक चाटण्यासरशी पेलाभर मद्य जमा होते. असल्या कथा खेळाडू एकमेकांना सांगत, आणि माझ्या मते हीच त्याची खरी समीक्षा होती, कारण गुणांच्या कोष्टकात हे मांजर मावले नसते. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. बंधूंचा चरितार्थ मात्र देणग्यांवरच चालत राहिला.

2019 मध्ये, आजारपणाने वैद्यकीय खर्चाची चिंता उभी केल्यावर, किटफॉक्स या छोट्या प्रकाशकाच्या साहाय्याने सचित्र आवृत्ती 'स्टीम'वर विकण्याचे त्यांनी जाहीर केले. या दुकानात 2013 पासून ग्राहकांचेच अभिप्राय मालाखाली झळकत होते, आणि 2016 पासून, फुकट वाटलेल्या प्रतींच्या जोरावर मिळवलेली मखलाशी रोखण्यासाठी, तेथे थेट न घेतलेल्या प्रतींवरील अभिप्राय एकूण गुणांकनातून वगळले जात होते. विक्रीस प्रारंभ होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे लोक हा खेळ इच्छायादीत नोंदवून ठेवत गेले. ती यादी म्हणजेच जाहिरात, कारण माल दाखल होताच दुकान नोंदकर्त्याला आपणहून वर्दी देते. किटफॉक्सचे शहाणपण असे की त्यांनी खेळाची दुर्बोधता लपवली नाही. चित्रे, माऊस आणि प्रारंभीचे धडे देऊन फक्त उंबरठा खाली आणला.

6 डिसेंबर 2022 रोजी विक्री सुरू झाली. पुढील जानेवारीच्या हिशेबात बंधूंकडे बाहत्तर लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. त्याआधीच्या महिन्याची जमा पंधरा हजारांच्या घरात होती. अक्षरचिन्हांची जुनी आवृत्ती त्यांनी मागे घेतली नाही. ती आजही विनामूल्य मिळते.