ध्रुवपद मुलांच्या ओठी

तीन-चार वर्षांच्या मुलानं रविवारच्या उपासनेत तास-दीड तास हूं की चूं न करता बसावं, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी मंडळी मोजक्या कुटुंबांची असली, की वयोगटानुसार संडे स्कूलचे वेगळे वर्ग भरवणं अवघड जातं. लहानगी आईबाबांजवळ बसूनच गायन, शास्त्रवाचन, संदेश, अर्पण सगळं बघतात. मला यात मोठी संधी दिसते. मूल भक्ती शिकतं ते भक्ती करणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. फक्त तिथं त्याच्या वाट्याला काही काम आलं पाहिजे.

विदर्भातला धागा

राळेगाव ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिथं फ्री मेथडिस्ट मिशननं दीर्घकाळ काम केलं. १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. याच मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना भेटले आणि त्यांनी टिळकांना नवा करार वाचायला दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी मराठी मंडळीला अभंग, भजनं आणि कीर्तनाची गोडी दिली.

मुलांच्या दृष्टीनं हा वारसा फार मोलाचा आहे. भजनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, टाळी ठरलेल्या मात्रेवर पडते. अक्षरओळख नसलेलं मूलही दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला सूर धरतं. अर्थ पुढे वयाबरोबर उलगडत जातो.

सव्वीस वेळा एकच ओळ

पवित्र शास्त्रातही ही सोय आहे. स्तोत्रसंहितेतल्या १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद येतं. मोठ्यांनी पहिला भाग वाचावा, पालुपद मुलांनी म्हणावं. वाचू लागलेल्या मुलाला ११७वं स्तोत्र द्यावं. ते अवघ्या दोन वचनांचं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीनं तयारी करून ते मंडळीपुढे वाचलं, तर ती वाचनाची खरी वाटेकरी होते.

कॅथलिक मंडळीनंही या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. १९७३ मध्ये व्हॅटिकननं मुलांसोबतच्या मिस्सासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. गाणं, हावभाव, चित्रं यांना तिनं जागा दिली आणि मुलांना मौनाचीही गरज असते, हे आवर्जून सांगितलं. म्हणून सगळा वेळ कृतिगीतांनी भरू नये. प्रार्थनेआधी मिनिटभर डोळे मिटून बसणं लहान मुलांनाही जमतं. तेवढी शांतता मात्र मोठ्यांनी स्वतः पाळायला हवी.

तयारी घरातून

शनिवारी रात्री, जेवणं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या शास्त्रभागाची गोष्ट सांगावी. ओळखीची गोष्ट कानावर पडली की मूल मान वर करतं. प्रभूची प्रार्थना दर आठवड्याला एक ओळ, अशी पाठ करून घ्यावी. अर्पणाचं नाणं मुलाच्याच हाती द्यावं आणि ते कशासाठी, हेही सांगावं. शक्यतो पुढे बसावं. मागे बसलेल्या मुलाला नुसत्या पाठीच दिसतात. संदेश चालू असताना कागद-पेन्सिल देऊन ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढू द्यावं. घरी परतल्यावर ‘गप्प बसलास ना?’ असं विचारू नये. ‘आज काय गायलास?’ असं विचारावं.

पाळकांनाही एक विनंती. संदेशाची पहिली पाच मिनिटं मुलांशी बोला. कापूस, तूर, पेरणी, पाऊस ही मुलांच्या डोळ्यांसमोरची दुनिया आहे आणि येशूच्या दाखल्यांतही पेरणारा, बी आणि मोहरीचा दाणा आहेच. मुलांसाठी सोप्या केलेल्या बोलण्याचा थकूनभागून आलेल्या मोठ्यांनाही आधार होतो.

मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, बालकांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं तेव्हा येशू शिष्यांवरच रागावला. त्यानं बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. रडणारं मूल बाहेर न्यायला खुणावताना आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत, हे प्रत्येक मंडळीनं स्वतःला विचारायला हवं.

नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. १३६व्या स्तोत्राचं पालुपद शिकवायला तेवढा वेळ पुरेसा आहे. नाताळच्या उपासनेत ते मुलांनी म्हणावं आणि पुढच्या वर्षभर ते काम मुलांकडेच राहू द्यावं.