माडियांच्या शेजारी बिऱ्हाड

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला महिना कसा जातो, हे आता गावोगावच्या घरांना पाठ आहे. फ्लॅटची किल्ली मिळते, रिकाम्या खोलीत गादी पडते, तूरडाळ कुठे मिळते याची चौकशी सुरू होते. मुलं शाळेत गप्प बसतात आणि शेजारचं दार बरेच दिवस उघडत नाही. महाराष्ट्राची हद्दही न ओलांडता एका कुटुंबानं याहून अवघड महिने काढले, ते हेमलकशात. तिथल्या कामाबद्दल बहुतेकदा त्यागाच्या अंगानं लिहिलं जातं. मला मात्र त्या घराचं बस्तान कसं बसलं, हे पाहावंसं वाटतं. दवाखाना आणि शाळा त्या बसण्यातूनच उभ्या राहिल्या.

बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातही नव्हता. तो 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम जिथे होतो, त्या भामरागडच्या अलीकडे हेमलकसा. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे नागपुरात शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, ते सोडून निघाले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. मोठ्या रुग्णालयाची सवय असलेलं हे नवविवाहित जोडपं राहायला आलं ते झोपडीत. वीज नाही, फोन नाही, आणि पावसाळ्यात रस्ताही नाही. वीज पोहोचायला पुढे जवळपास दोन दशकं लागली.

पहिली अडचण निराळीच होती. शेजारी बोलायलाच येत नव्हते. माडिया माणसं या पाहुण्यांना पाहून जंगलात निघून जात. यात नवल काही नाही. बाहेरून येणारा म्हणजे जंगल खात्याचा माणूस, ठेकेदार नाहीतर मीठ देऊन बदल्यात बरंच काही उचलून नेणारा व्यापारी, हा त्यांचा अनुभव होता. अंगभर कपडे घातलेल्या माणसावर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं. डॉ. प्रकाश यांनी पुढे बनियन आणि अर्धी चड्डी एवढाच पोशाख ठेवला. त्याचं आजही कौतुक होतं, पण मूळ मुद्दा साधा आहे: समोरच्याच्या अंगावर लंगोटी असेल, तर पँट-शर्ट हेही एक कुंपण असतं.

दुसरं कुंपण भाषेचं. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी बोली. मराठीशी तिचं नातं नाही आणि तिला स्वतःची लिपीही नाही. पुस्तक नाही, शिकवणीही नाही. ऐकलेला शब्द देवनागरीत टिपून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वापरून बघायचा, चुकला की लोक हसतात ते हसू द्यायचं. डॉक्टरला तर आधी दुखण्याचेच शब्द लागतात. कुठे दुखतं, किती दिवसांपासून, रात्री वाढतं का? हे तीन प्रश्न विचारता येईपर्यंत पदवीचा उपयोग अर्धाच. शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण, हे इथे उलटं झालं आणि माझ्या मते हेच निर्णायक ठरलं. आलेल्या माणसाला आपल्याकडून काही शिकायचं आहे, हे दिसलं की गाव जरा सैल होतं.

मग रुग्ण येऊ लागले. बाजेवर निजवून, खांद्यावरून, कित्येक मैल चालत. सोबत अख्खं घर यायचं. रुग्णाला एकट्याला खाटेवर सोडून जायची त्यांची रीतच नाही. त्यामुळे नातेवाईक जवळच चूल मांडत, भात शिजवत, रात्री शेकोटी पेटवून तिथेच झोपत. दवाखान्यानं त्यांना हाकललं नाही. शहरातल्या रुग्णालयात नातेवाइकांची अडचण वाटते. इथे त्यांच्यामुळेच रुग्ण टिकून राहिला. कंदिलाच्या उजेडात टाके घातले गेले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही झाल्या. ऐन पावसाळ्यात मात्र बेगमीवरच सगळं चालायचं. धान्य, मीठ, रॉकेल, औषधं जी काय ती आधी भरून ठेवायची. नद्या फुगल्या की जगाशी संबंध संपला.

घरात माणसं वाढली तशी जनावरंही. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडच्या मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं दिसलं. डॉ. प्रकाश यांनी ते मागून घेतलं. त्या पिल्लाचं नाव बबली. पुढच्या प्राणी-अनाथालयाची सुरुवात ती. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळे तो गोतावळा मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला.

घर खरं बसलं ते मुलांमुळे, असं मला वाटतं. 1976 मध्ये आश्रमशाळा सुरू झाली आणि दिगंत, अनिकेत ही आमट्यांची मुलं माडिया मुलांसोबत तिथेच शिकली. शहरात ठेवता आली असती, ठेवली नाहीत. परदेशातल्या फ्लॅटमधली मुलं आई-बाबांआधी तिथली बोली उचलतात, तशीच ही मुलं माडिया बोलत मोठी झाली. आता दोघंही तिथलंच काम पुढे नेत आहेत. 2008 साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर या बिऱ्हाडाला तीन तपं होत आली होती.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या शाळेतून शिकलेली माडिया मुलं पुढे नागपूर-पुण्यात गेली. त्यांच्यासाठी तोच खरा परदेश. वसतिगृहाची खोली, नळाचं पाणी, मेसचं जेवण, आणि वर्गात कुणालाही कळत नाही अशी आपली बोली. डॉ. कन्ना मडावी त्यातून डॉक्टर झाले, लालसू नोगोटी वकील. शहरानं त्यांच्यासाठी माडिया शिकायची तसदी घेतली नाही. सगळं शिकणं त्यांच्याच वाट्याला आलं. हे मला अन्यायाचं वाटतं. निदान सुरुवात तरी घरच्या भाषेतून व्हावी, म्हणून अनिकेत यांच्या पत्नी समीक्षा आमटे आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी माडियातून शिकवायला घेतलं. भामरागड तालुक्यातल्या नेलगुंड्याला 2015 पासून प्रकल्पाचंच साधना विद्यालय चालतं. जंगलातल्या त्या गावातल्या लहान मुलांना शाळेसाठी आता घर सोडून दूर जावं लागत नाही.